धनुष्याच्या दोन भुजा

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांच्या विवाहाची जी कथा आली आहे, तिच्यात तो विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाला असे सांगून ग्रंथकाराने त्या नगरास मदनाचे क्रीडास्थान म्हटले आहे. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम होय. दहाव्या शतकाच्या सुमारास ज्या नगराचा असा गौरव होत होता, ते त्याच्याही पाचसहाशे वर्षे आधी वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने ही शाखा स्थापिली. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा, काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात असलेला ताम्रपट १९३९ साली वाशीम येथेच उजेडात आला. आणि याच घराण्यातील हरिषेण राजाच्या अमलात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले, ज्याच्या भिंतीवर या वंशाची नामावळी आजही कोरलेली आहे.

शेजारच्या सतराव्या लेण्यात, अंध मातापित्यांची सेवा करणारा तापसकुमार श्याम आणि मृगयेच्या भरात त्याला बाणाने विद्ध करणारा वाराणसीचा राजा यांची जातककथा चितारलेली आहे. दहाव्या लेण्यातील, कितीतरी अधिक प्राचीन चित्रांतही तीच कथा आढळते. गुप्तसम्राटांच्या सुवर्णनाण्यांत तर धनुर्धारी राजाची मुद्रा सर्वांत विपुल आहे, आणि या गुप्तांशी वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेचा, प्रभावतीगुप्तेच्या विवाहामुळे, निकटचा शरीरसंबंध होता. चित्रात काय, नाण्यावर काय, पाहणाऱ्याची दृष्टी राजाच्या मुखावर, त्याच्या बाहूंवर, सुटणाऱ्या बाणावर खिळते. ते धनुष्य कोणी, कोणत्या अरण्यातील कोणत्या काष्ठाचे, किती दिवस तासून घडविले, हा प्रश्न सहसा मनात उठत नाही. धनुष्याचा इतिहास आपण नेहमी ते ओढणाऱ्याच्या बाजूने लिहीत आलो आहो. मला तो घडविणाऱ्याच्या बाजूने पाहणे अधिक न्याय्य वाटते. कारण धनुर्धराचे जे कौशल्य जगाला दिसते, त्याच्या आधी एका अनामिक कारागिराने मुठीच्या वरची आणि मुठीच्या खालची अशा धनुष्याच्या दोन भुजांना एकमेकींचा मेळ घालून दिलेला असतो, आणि तो मेळ बसला नसेल तर अर्जुनाचाही नेम चुकावा अशी त्या वस्तूची प्रकृती आहे.

वेळू, ज्याला वऱ्हाडात बास असेही म्हणतात, हे आपल्या प्रदेशातील हातघडणीच्या धनुष्याचे मुख्य द्रव्य. धामणीचे लाकूडही त्याच्या लवचिकतेमुळे या कामी येते, आणि संस्कृत ग्रंथांतील धन्वन वृक्ष तो हाच. परंतु सर्वसामान्य शिकाऱ्याचा कामठा, म्हणजे त्याचे साधे धनुष्य, वेळूचाच. कोरड्या डोंगरउतारांवर उगवणारा मानवेल हा पाणथळ जागी वाढणाऱ्या कटांगापेक्षा बारीक, पण अधिक भरीव असतो, आणि जमीन जितकी रुक्ष तितका तो भरीव होत जातो; वाशीमच्या आसपासचा प्रदेश या दृष्टीने अनुकूलच म्हटला पाहिजे. पुरता पिकलेला वेळू हिवाळ्यात, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, म्हणजे त्याला कीड लागत नाही, असा खेड्यापाड्यांतील संकेत आहे. तोडल्यावर तो सावलीत वाळवावा लागतो, उभा फाडावा लागतो, आणि मग त्या फाकेच्या घडणीस आरंभ होतो.

परंतु निसर्गाने कोणताही वेळू दोन्ही टोकांस सारखा केलेला नाही. बुडख्याकडे त्याची भिंत जाड, पेरे आखूड आणि गाठी दाट असतात. शेंड्याकडे भिंत पातळ, पेरे लांब आणि गाठी विरळ. म्हणजे हाती आलेल्या फाकेची एक भुजा जन्मतःच बलवत्तर आणि दुसरी जन्मतःच दुर्बळ असते. ही विषमता हाताने, डोळ्याने आणि धारेने नाहीशी करणे हेच धनुष्य घडविण्याचे खरे काम आहे. बाकीचे, म्हणजे टोकांस खाच पाडणे, मुठीवर दोरा गुंडाळणे, तेल चोळणे, हे कोणाही हुशार शिकाऊ मुलाकडून करवून घेता येते.

या कामाचा पहिला दंडक असा की, वेळूची बाहेरची चकचकीत साल, जी धनुष्याची पाठ होते, तिला धार लावावयाची नाही. धनुष्य वाकते तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. वेळूतील सर्वांत चिवट तंतू सालीलगत दाटलेले असतात, आणि ताण सोसण्याचे काम त्यांचेच आहे. त्यांपैकी काही तंतू जरी तुटले, तरी तेथूनच पुढे धनुष्य फुटते. तेव्हा जे काही तासावयाचे ते पोटाच्या बाजूने. दुसरा दंडक असा की, तासणे नेहमी अल्प असावे. काठीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या सम प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो वा घटतो. जाडी एक दशांशाने कमी केली की ताठपणा जवळजवळ सत्तावीस टक्क्यांनी उतरतो, आणि जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. हे गणित कामठा करणाऱ्याने कागदावर कधी मांडले नसेल. परंतु सुरीचा एक फटकारा अधिक बसला की सारा दिवस वाया जातो, हा त्याचा अनुभव त्याच गणिताचा दुसरा पाठ होय.

मग सुरू होते ती परीक्षा. प्रथम सैल दोरी बांधून धनुष्य थोडेसेच ओढायचे, आणि शक्य तर दुसऱ्याच्या हाती देऊन आपण दहा पावले दूर उभे राहून त्याची आकृती न्याहाळायची. दोन्ही भुजांची वक्रता एकसारखी भरून येते की नाही, एखाद्या ठिकाणी भुजा काठीसारखी ताठ राहते काय, एखाद्या ठिकाणी कोन होऊन मोडल्यासारखी वाकते काय, हे पाहायचे. जेथे ताठ आहे तेथे कोळशाने खूण करायची, दोरी उतरवायची, खुणेच्या जागी पोट हलकेच खरवडायचे, पुन्हा दोरी चढवून धनुष्य अनेक वेळा ओढून त्याला नव्या स्थितीची सवय होऊ द्यायची, आणि मग पुन्हा पाहायचे. तराजूचे पारडे जड झाले तर त्यातून काढता येते आणि हलके झाले तर त्यात टाकताही येते; येथे मात्र काढणे तेवढे हाती आहे, टाकणे नाही. नवशिक्याचे धनुष्य बहुधा येथेच बिघडते: वरची भुजा ताठ दिसली म्हणून ती तासली, तर खालची ताठ झाली; ती तासली, तर पुन्हा वरची; आणि अखेर दोहोंचा मेळ बसतो तेव्हा धनुष्य मुलाच्या खेळण्याइतके दुबळे झालेले असते. म्हणून कसबी हात जेथे नवशिका पाच फटकारे देईल तेथे एक देतो, आणि उरलेला वेळ नुसते पाहण्यात घालवितो. हा पाहण्यातील संयम मला या साऱ्या धंद्यातील सर्वांत उदात्त गुण वाटतो.

भुजांचा मेळ नसला तर काय होते, हे केवळ डौलाचे प्रकरण नाही. ताठ भुजा कमी वाकते आणि दुबळी अधिक; त्यामुळे ओढताना बाण लावलेली जागा सरळ मागे न येता वर किंवा खाली सरकते, सोडताच एक भुजा दुसरीच्या आधी आपल्या स्थानी पोहोचते, हाताला मुठीतून धक्का बसतो, आणि बाण पुच्छ उडवीत जातो. शिवाय अधिक राबणारी भुजा लवकर थकते, तिला कायमचा वाक येतो, आणि एके दिवशी ती मोडते. तथापि दोन्ही भुजा गणितातल्यासारख्या तंतोतंत समान करणे हेही इष्ट नसते. हात मुठीवर असतो आणि बाण हाताच्या वरून जातो, म्हणजे दोरी ओढली जाते ती ठीक मध्यावर नव्हे, तर किंचित वर. म्हणून खालची भुजा केसभर अधिक ताठ ठेवण्याचा प्रघात जगातील पुष्कळ धनुष्यकारांत आहे. बुडख्याची बाजू खाली धरावी, हे वेळूच्या धनुष्यात याच कारणाने सोयीचे पडते: निसर्गाने जो अधिक जोर दिला आहे त्यातील थोडासा, अवश्य तेवढाच, तेथे राहू द्यायचा.

आता आपल्या शास्त्रग्रंथांकडे वळले असता एक लक्षणीय गोष्ट दिसते. कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात ताल, वेळू, काष्ठ आणि शृंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू अशी दोरीची द्रव्येही त्याने दिली आहेत. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या अध्यायांत चार हातांचे धनुष्य श्रेष्ठ, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ असे मान ठरविलेले आहे. चालुक्य नृपती सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त शस्त्रांच्या विनोदाला स्वतंत्र स्थान आहे. हे सारे ग्रंथ द्रव्य, मान आणि लक्षण यांविषयी बोलतात. पोटाकडून किती तासावे आणि कोठे थांबावे, याविषयी ते बोलत नाहीत. त्यांचा लेखक राजसभेत बसलेला होता, आणि तासणारा वनात.

तरीही त्या वनातल्या माणसाचे ज्ञान ग्रंथात मुळीच शिरले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसिष्ठाच्या नावावर चालणाऱ्या धनुर्वेदात, आणि १३६३ साली संकलित झालेल्या शार्ङ्गधरपद्धतीच्या परंपरेत, वेळूच्या धनुष्याला तीन, पाच, सात किंवा नऊ पर्वे असावीत आणि चार, सहा, आठ पर्वांचे धनुष्य वर्ज्य करावे असे सांगितले आहे. कारण दिले आहे ते शुभाशुभाचे. परंतु पर्व म्हणजे गाठ असे धरून तो वेळू हाती घेऊन पाहिला, तर या नियमाच्या पोटी धनुष्यकाराचा व्यवहार स्पष्ट दिसू लागतो. गाठ हा वेळूचा सर्वांत कमी वाकणारा भाग. विषम संख्येतील मधली गाठ मुठीखाली घेतली की जेथे धनुष्याने वाकू नये तेथे ते आपोआप दृढ राहते, आणि उरलेल्या गाठी दोन्ही भुजांत समान वाटल्या जातात: तीनांतून एकेक, पाचांतून दोन-दोन, सातांतून तीन-तीन, नवांतून चार-चार. सम संख्येतही समान वाटणी होऊ शकते हे खरे. पण तेव्हा मूठ दोन गाठींच्या मधल्या लवणाऱ्या पेरावर येते, आणि ती सरकवून गाठीवर न्यावी तर एका भुजेत एक गाठ जास्त होते. ज्याला शास्त्रकाराने मांगल्य म्हटले, ते माझ्या मते कारागिराचे संतुलन होते.

त्याच परंपरेत त्याज्य वेळूंची यादी आहे. अतिजीर्ण नसावा, अपक्व नसावा, जळलेला वा छिद्र पडलेला नसावा, हे कोणासही पटेल. परंतु त्या यादीत ‘ज्ञातिघृष्ट’ असाही एक दोष आहे, म्हणजे बेटातील आपल्याच जातभाईंशी घासून घासून झिजलेला वेळू, आणि अशा वेळूचे धनुष्य वापरल्यास बांधवांशी कलह होतो असे फळ सांगितले आहे. बेटात वाऱ्याने एकमेकांवर घासणाऱ्या वेळूंच्या साली खरवडल्या जातात, आणि साल म्हणजेच धनुष्याची पाठ, हे लक्षात घेतले म्हणजे या निषेधाचे मूळ कलहात नसून तंतूंच्या तुटण्यात आहे, याविषयी मला शंका राहत नाही. ज्याने हा नियम प्रथम सांगितला तो बेटात शिरून वेळू निवडणारा होता. शुभाशुभाचे वस्त्र त्याला मागाहून कोणी पंडिताने चढविले.

दोन्ही भुजांची समता म्हणजे दोन्ही भुजांची समान लांबी, असा समज मात्र टिकत नाही. जपानी धनुष्य, ज्याला तेथे युमी म्हणतात, दोन मीटरांहून लांब असते आणि त्याची मूठ खालून साधारण एक तृतीयांशावर असते. वरची भुजा खालचीच्या जवळजवळ दुप्पट, तरीही ते धनुष्य सुटताना हातात शांत राहते, कारण लहान भुजेचे आणि मोठ्या भुजेचे बळ त्या कारागिरांनी वेगवेगळे मोजून एकाच क्षणी परतण्यास लावलेले असते. ग्रीक लेखक एरियन याने हिंदी पदातींच्या धनुष्याचे जे वर्णन केले आहे तेही येथे आठवते: धनुष्य माणसाइतके उंच, त्याचे खालचे टोक भूमीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून, दोरी फार मागे ओढून बाण सोडीत, आणि त्याला ढाल वा कवच आवरू शकत नसे. हे वर्णन शब्दशः घेतले, तर भूमीचा आणि पायाचा आधार मिळालेल्या खालच्या भुजेला मोकळ्या हवेतील भुजेहून वेगळा हिशेब लागला असेल. म्हणजे समतोल हा वस्तूचा एकटीचा गुण नव्हे. कोण, कसे उभे राहून, कोठे धरून ते ओढणार, यावर तो ठरतो, आणि म्हणूनच एकाने दुसऱ्यासाठी धनुष्य करताना त्याचा हात आणि उंची आधी पाहून घेतली पाहिजे.

आता पुन्हा आपल्या प्रांताकडे वळू. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेला आणि ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत बाशीमचे, म्हणजे वाशीमचे, सरकार नोंदले गेले. त्याच ग्रंथातील शस्त्रागाराच्या प्रकरणात कमानींच्या नाना जाती किमतींसह दिल्या आहेत, आणि त्यांत मातीची गोळी फेकणारी गलोलीची कमानही आहे. मोगली कमान ही वेळूच्या कामठ्याहून सर्वस्वी भिन्न वस्तू: मध्ये लाकूड, पोटावर शिंग, पाठीवर स्नायूंचे तंतू, आणि हे सारे सरसाने जोडलेले. ती पुरी व्हावयास महिनोन्महिने लागत, आणि तिच्या भुजांचा मेळ तासण्याने तेवढा साधत नसे. शिंगाची बाजू आगीवर शेकून, दाबून, बांधून ठेवून, क्वचित कानस लावून तो साधावा लागे. आमच्या दख्खनी पावसाळ्यात सरस दमट होतो आणि अशी कमान वळसा घेते. संपूर्ण पोलादाच्या कमानी हिंदुस्थानात घडविल्या गेल्या, त्यामागे हवेला न जुमानता शस्त्रागारात वर्षानुवर्षे तयार राहणारे आयुध हवे ही निकड असावी. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत शिलेखाना होताच, आणि रघुनाथपंडिताच्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्गाला स्वतंत्र स्थान मिळाले. परंतु तोवर बंदुकीचा अंमल सुरू झाला होता. कच्छमधील कमानगर घराणी, जी कमानी घडवीत आणि रंगवीत, ती पुढे भिंतींवर चित्रे काढून पोट भरू लागली. कमानगरी हे आज तेथील चित्रशैलीचे नाव आहे.

वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली चालली असता, आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडील अडगावच्या मैदानावर तोफांनी भोसल्यांच्या सैन्याचा निकाल लावला असता, युद्धातील धनुष्याचे कार्य संपलेलेच होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. बाशीमचा स्वतंत्र जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यात मिळविला गेला, तो १ जुलै १९९८ रोजी वाशीम या नावाने पुन्हा झाला. मधल्या काळात, १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्रांची जी व्याख्या केली, तिच्यात तोफा, बंदुका, तलवारी आणि भाले यांच्या पंक्तीस धनुष्यबाणही बसविले. एका वनवासी माणसाच्या उदरनिर्वाहाचे साधन तोफेच्या यादीत घालणाऱ्या त्या कलमाबद्दल मला आजही खेद वाटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही शस्त्र या संज्ञेत धनुष्यबाण आहेत. तेथे मात्र कारण निराळे, आणि कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात निर्धास्त चरणारी काळविटे पाहिली म्हणजे ते रास्त ठरते.

वाशीमच्या माळावरचा नामांकित शिकारी तो फासेपारधी, आणि त्याचे साधन फासा; कामठ्याची परंपरा मुख्यतः डोंगराळ भागांत टिकली. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा वेळूचा आणि त्याची दोरीही वेळूच्याच चिवट पट्टीची असते. ही पट्टी सुताप्रमाणे ताणत नाही. भुजांतील लहानसा विसंवादही तिच्यामुळे लपत नाही, तो सरळ हाताला कळतो. कापसाच्या या मुलखात आणखी एक धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या घरोघर फिरले, ते पिंजाऱ्याचे. पण त्याची काठी वाकावयाची नसते, गाते ती तात, म्हणून भुजांच्या या विवेचनात त्याला जागा नाही.

अलीकडे विदर्भात धनुर्विद्येला नवा बहर आला आहे. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेता झाला, आणि त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या यांत्रिक धनुष्यांत भुजेच्या मुळाशी खिळा असतो. तो किल्लीने पाव फेरा फिरविला की भुजेवरचा ताण बदलतो, आणि मुळापासून दोरीपर्यंतचे वरचे व खालचे अंतर मिलिमीटरांत मोजून समतोल ठरविता येतो. मोजावयाची गोष्ट तीच आहे, जी कामठा करणारा दहा पावलांवरून डोळ्याने मोजीत असे. आपल्याकडील राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड या प्रकारात तीस आणि पन्नास मीटरांवर बांबूचेच धनुष्य चालते, म्हणजे त्या कसबाला अद्याप गिऱ्हाईक आहे.

इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोज’ हे जहाज १९८२ साली वर काढण्यात आले, तेव्हा त्यातून मिळालेल्या शंभरावर अखंड धनुष्यांची जाडी-रुंदी जागोजाग मोजून अभ्यासकांनी त्यांचे बळ पुन्हा उभे केले. आमच्या संग्रहालयांतील कामठ्यांच्या बाबतीत तसे करण्यास जहाज बुडावे लागत नाही. जमात, गाव आणि लांबी एवढ्यावर न थांबता, मुठीपासून दोन्ही टोकांकडे दर चार बोटांवर जाडी व रुंदी किती, गाठी किती आणि कोठे, बुडखा वरच्या भुजेत की खालच्या, साल अखंड आहे की खरवडलेली, आणि दोरी चढविली असता दोन्ही बाजूंचे अंतर किती, एवढे प्रत्येक कामठ्यापुढे टिपून ठेवावे. आणि जेथे कामठा करणारा हात अजून चालता आहे, तेथे त्याच्याजवळ बसून, सुरी ज्या ज्या ठिकाणी थांबली तेथे ती का थांबली, हे त्याच्याच बोलीत लिहून घ्यावे.